दारापर्यंतचा इतिहास

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आठवा फोन वाजला, तेव्हा सुनेने तो उचलायच्या आधीच ओळखलं की हाही येत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत तिच्या यादीत आठ नावं होती. रात्रीतून थंडी अशी काही पडली की आठही जणांवर एकदमच संकटं कोसळली. तिघांचे घसे बसले, दोघांकडे पाहुणे आले, एकाची कंबर धरली, एकीची बहीण आजारी पडली आणि आठव्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पांघरुणातून बाहेर यायचा धीर होत नाही.

"निदान तीन माणसं लागतात," ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "तीन नसली तर परीक्षा रद्द. पुढची दोन वर्षांनी."

परीक्षा होती वस्तीचा इतिहास सांगत लोकांना पायी हिंडवण्याच्या परवान्याची. शहराचं वारसा कार्यालय तो देत असे, आणि ज्याच्याकडे परवाना त्याला वर्षभर काम. सून गेली सहा वर्षं एका रुग्णालयाच्या तळघरात जुन्या रुग्णांच्या फायली लावत होती. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे आणि दिवसभरात बोलायला एक झाडूवाला येई, तोही पाय उचला एवढंच सांगायला. परवाना मिळाला की ती उन्हात, जिवंत माणसांत, तोंड उघडून काम करणार होती. सहा महिने तिने दुसरा विचार केला नव्हता आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

घरात तिच्याखेरीज बरोबर तीन माणसं होती. नवरा, सासरे आणि सासूबाई. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असे, त्यामुळे त्याला पळवाट नव्हती. सासरे तर साडेसहापासूनच स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून बसले होते. सुनेच्या परीक्षेचा उत्साह तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त. पण सासूबाई शाल शोधायला उठल्या आणि सासऱ्यांच्या हातातला मोजा हातातच राहिला.

"तू कशाला येतेस? तुझा गुडघा," ते म्हणाले.

"गुडघा माझा आहे. मी बघीन त्याचं काय ते."

"बाहेर धुकं आहे. काही दिसायचं नाही."

"ऐकू तर येईल? सगळा जन्म गेला या वस्तीत, आणि हिच्या वहीत काय आहे ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही." सासूबाईंनी शाल झटकली. "आज ऐकते."

एवढ्या थंडीत सासऱ्यांना घाम फुटला. मुलाला वाटलं, कानटोपी घट्ट होत असेल.

सुनेच्या वहीतला सगळा मजकूर सासऱ्यांकडून आला होता, आणि त्यात वावगं असं काही नव्हतं. ते याच वस्तीत छत्तीस वर्षं पोस्टमन होते. कोणतं घर कुठे, कोणाचं दार कुठल्या बाजूला उघडतं, कुठल्या जिन्याची कितवी पायरी हलते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. रोज संध्याकाळी सून वही घेऊन त्यांच्यासमोर बसे. ते सांगत, ती लिहून घेई. फायली लावणाऱ्या बाईची सवय, त्यामुळे प्रत्येक पानाखाली तारीख आणि साक्षीदाराचं नाव. साक्षीदार एकच, सासरे.

परीक्षक बाई चौकात आधीच येऊन उभ्या होत्या. हातात क्लिप लावलेली पाटी, पाटीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, आणि चेहरा असा की थंडीही त्याच्या वाटेला जात नसावी. त्यांनी नियम सांगितले. पाच थांबे उमेदवाराने निवडायचे, सहावा त्या स्वतः निवडणार. प्रत्येक गोष्टीला एकतर कागद हवा, नाहीतर ती स्वतः पाहिलेला माणूस. त्याची चौकशी त्या शेवटी करत. जेवढे थांबे टिकतील तेवढ्यांचाच परवाना. मग त्यांनी तिन्ही श्रोत्यांना विचारलं की तुम्ही आपणहून आलात ना. नवरा हो म्हणाला, पण जरा उशिराने.

पहिला थांबा गोल खिडकीच्या घराचा. सुनेच्या तोंडून वाफ आणि शब्द एकदमच बाहेर पडले. या खिडकीत, ती सांगू लागली, गणिताचे एक मास्तर एकोणीस वर्षं रोज रात्री एकच तारा शोधत बसत. सकाळी पोस्टमन येई तेव्हा ते चौकटीला डोकं टेकून झोपलेले असत, मांडीवर वही. एका सकाळी खिडकीत कोणी नव्हतं. वही तेवढी उघडी होती आणि तिच्या शेवटच्या पानावर एकच शब्द होता, दिसला.

परीक्षक बाईंची पेन्सिल थबकली. त्यांनी मान वर करून खिडकीकडे बराच वेळ पाहिलं.

सासूबाईंनीही पाहिलं. "इथे तर गिरणी होती," त्या मुलाच्या कानाशी म्हणाल्या. "त्या भोकात पंखा होता. सगळी भिंत पिठाने पांढरी व्हायची. मास्तर कुठला काढला हिने?"

मुलगा वडिलांकडे गेला. ते एका विजेच्या खांबावरचा क्रमांक फार लक्षपूर्वक वाचत होते.

"बाबा, मास्तर कोण?"

"हळू बोल."

"आई म्हणते गिरणी होती."

"होती," सासरे म्हणाले. "पुढचंही असंच आहे. सगळंच."

दुकानात दिवसभर लोकांना डोळे मोठे करा म्हणून सांगणाऱ्या माणसाचे डोळे त्या दिवशी कोणी न सांगता मोठे झाले.

दुसऱ्या थांब्यापर्यंत चालता चालता सासऱ्यांनी जे कबूल केलं ते असं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सुनेला खरं तेच सांगितलं होतं. गोल खिडकीच्या घराची पत्रपेटी फार खाली आहे, वाकावं लागतं. दोन दारांच्या घरातला कुत्रा पायाला धरायचा. हौदापाशी घसरायला होतं. छत्तीस वर्षांत त्यांना वस्तीचं एकूण एक दार पाठ झालं होतं, पण दाराच्या आत ते कधी गेलेच नव्हते. रजिस्टर पत्र असलं तर फार तर उंबऱ्यापर्यंत. सून ऐकत होती, पण तिचं पेन थांबलं होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तेवढ्या काळात कोणी त्यांच्यासमोर वही उघडून बसलं नव्हतं. ते थांबलेलं पेन त्यांना बघवेना. म्हणून त्यांनी खिडकीत एक मास्तर बसवला. पेन धावू लागलं, आणि मग सहा महिने ते थांबलंच नाही.

"पण नंतर तरी सांगायचंत."

"सांगणारच होतो रे. पण ती रोज विचारायची, मग पुढे काय झालं? पुढे काय झालं ते मलाही बघायचं असायचं."

आता मुलापुढे दोनच वाटा होत्या. बायकोला भर परीक्षेत हे सांगायचं, किंवा आईला बोलू द्यायचं नाही. त्याने दुसरी धरली. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पुडी होती. दगडी हौदापाशी सून सांगत होती की शेवटच्या टांगेवाल्याचा घोडा मालक गेल्यावरही वर्षभर रोज एकटाच इथे पाणी प्यायला येई आणि टांग्याची वाट बघत उभा राही. सासूबाईंनी बोलायला तोंड उघडलं तोच त्यात एक गोळी पडली.

"आई, घसा सांभाळ. हवा फार वाईट आहे."

"अरे, या हौदात लाँड्रीवाले नीळ कालवायचे," गोळीच्या आडून सासूबाई म्हणाल्या. "घोडा निळा झाला असता."

मुलाने दुसरी गोळी दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण हौदासमोरच्या लाँड्रीतली बाई हातातली इस्त्री ठेवून बाहेर आली होती आणि पदराने डोळे पुसत होती. रोज या हौदावर बादली आपटते मी, ती म्हणाली, आणि मला हे ठाऊकच नव्हतं. तिने दुकान बंद केलं आणि पुढचं ऐकायला बरोबर निघाली. गोल खिडकीच्या घरातले निवृत्त गृहस्थ तर कधीच मागून येऊ लागले होते. आपल्या झोपायच्या खोलीत तारा सापडला होता म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना.

तिसरा थांबा दोन दारांच्या घराचा. तिथे दोन भाऊ तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. जाण्यायेण्यासाठी वेगळी दारं केली होती, पण एकमेकांची खुशाली ते रोज पोस्टमनला विचारत. सून हे सांगत असताना वरच्या मजल्यावरून एक दातांचे डॉक्टर ब्रश तोंडात धरून ऐकत होते. घर त्यांनी बारा वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं. आता हे भांडणार, या भीतीने मुलाचे पाय थंडीपेक्षा गार पडले. डॉक्टर तोंड धुऊन खाली आले, सुनेसमोर उभे राहिले आणि म्हणाले की या दुसऱ्या दाराचं कोडं मला बारा वर्षं पडलं होतं. ते दार आपण भिंत घालून बुजवणार होतो, आता प्राण गेला तरी बुजवणार नाही.

"ते दुधाचे कॅन आत घ्यायला—" सासूबाई म्हणाल्या. तिसरी गोळी.

पाचव्या थांब्यापर्यंत मागे बावीस माणसं झाली होती. ज्यांच्या घराचा इतिहास निघाला ते छाती पुढे काढून चालत होते आणि ज्यांच्या घरावरून सून तशीच पुढे गेली ते दुखावले होते. न्हाव्याचा तर आवाज भरून आला. दुकान वडिलांपासूनचं, छप्पन्न वर्षांचं, तो म्हणाला, आणि माझ्याकडे काहीच कसं झालं नाही?

"झालं होतं ना," सासरे सवयीने बोलून गेले. "एकदा काय झालं—"

मुलाने शेवटची गोळी वडिलांच्या तोंडात घातली.

सून मात्र या सगळ्यापासून दूर, धुक्यात न्हाऊन निघाल्यासारखी उभी होती. गाल लाल, डोळे चमकत होते. तळघरातल्या बाईला एवढी माणसं एकदम ऐकत आहेत हे तिच्या नवऱ्याने आजवर पाहिलं नव्हतं. परीक्षक बाईंनी नाक पुसलं. बारा वर्षं परीक्षा घेते आहे, त्या म्हणाल्या, असा इतिहास ऐकला नाही. मुलाच्या मनात आलं, कसा ऐकला असेल.

मग त्यांनी साक्षीदार विचारला. सुनेने अभिमानाने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझे सासरे. छत्तीस वर्षं इथले पोस्टमन. सगळं त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे."

"उत्तम," परीक्षक बाई म्हणाल्या. "मग सहावा थांबा त्यांच्याच तोंडून ऐकू." आणि त्यांनी पेन्सिलीने वळणावरच्या निळ्या दाराच्या घराकडे बोट केलं.

ते सासूबाईंचं माहेर होतं. त्यांचे वडील वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. या घराबद्दल कुटुंबात एकच गोष्ट सांगितली जाई आणि ती सासूबाईच सांगत. टेलिफोन खात्यात त्यांची निवड झाली होती, परगावी, चांगल्या पगारावर. पण निवडीचं पत्र पोस्टाने अकरा दिवस उशिरा दिलं, रुजू व्हायची तारीख उलटून गेली आणि नोकरी हुकली. पोस्टाने माझं आयुष्य फिरवलं, असं त्या एकेचाळीस वर्षं म्हणत आल्या होत्या. चहा गार झाला तरी म्हणत, दिवे गेले तरी म्हणत. समोर पोस्टाचा माणूस जेवत बसलेला असे. तो मान खाली घालून जेवत राही, आणि त्याच्या त्या समजूतदारपणाचं नातेवाइकांत फार कौतुक होतं.

सासऱ्यांनी गोळी गिळली. वस्तीतल्या बाकी सगळ्या घरांत त्यांनी मनाची माणसं नेऊन बसवली होती, पण या घरातलं माणूस शेजारीच शाल घेऊन उभं होतं.

"या घरात एक पत्र यायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "टेलिफोन खात्याचं. ते माझ्या पिशवीत होतं."

"पिशवीत म्हणजे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"अकरा दिवस होतं."

मग ते थांबेनात. पाकीट लांबट होतं, वर खात्याचा शिक्का होता, आत काय असणार ते न उघडताच कळत होतं. ही रोज पत्र घ्यायला खाली यायची. परगावी गेली असती तर पुन्हा आली नसती. म्हणून एकच दिवस ठेवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालच दिलं असतं तर बरं झालं असतं, आज कोणत्या तोंडाने देऊ. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट वाटलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एकच पत्र त्यांनी अडवलं होतं, आणि त्याची शिक्षा रोज जेवताना भोगली होती.

मग एकदम सगळे बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, हा गुन्हा आहे. लाँड्रीवाली म्हणाली, एका बाईच्या आयुष्याचं वाटोळं केलंत आणि वर तिच्याच हातचं जेवलात. मुलगा आईकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आईकडे बघत राहिला. आपला जन्म पोस्टाच्या दिरंगाईतून झाला हे त्याला नव्यानेच कळत होतं. सासूबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि लोकांना वाटलं, दुःखाने.

"आता बोलतोच आहे तर बाकीचंही सांगतो," सासरे म्हणाले, आणि मुलाच्या खिशात गोळी उरली नव्हती. मास्तर गेले, भाऊ गेले, चौथा आणि पाचवा थांबा गेला. गोल खिडकीवाले गृहस्थ मटकन पायरीवर बसले. डॉक्टरांनी अहो पण दोन दारं, दोन दारं असं दोनदा म्हटलं. एकट्या न्हाव्याला जरा बरं वाटलं.

सून रागावली नाही, हे सगळ्यात वाईट. तिने वही उघडली आणि एकेका पानाखाली स्वतःच्या नीटस अक्षरात लिहिलेलं साक्षीदाराचं नाव वाचत गेली.

"बाबा, घोडासुद्धा?"

"घोडासुद्धा," सासरे म्हणाले. "तुझं पेन थांबलं होतं गं."

परीक्षक बाईंनी पाटीवर पाच रेघा मारल्या. प्रत्येक रेघेचा आवाज ऐकू आला. सहाव्यावर पेन्सिल ठेवून त्या थांबल्या. हेही याच माणसाच्या तोंडचं, त्या म्हणाल्या, आणि या माणसाचा शब्द आता ग्राह्य धरता येत नाही. याला दुसरा कागद आहे का? असला तर हा एक थांबा टिकेल. नसला तर दोन वर्षांनी या.

"आहे," सून एकदम म्हणाली. "ते पत्र आईंनी जपून ठेवलंय. आई, आहे ना?"

बावीस चेहरे सासूबाईंकडे वळले.

"हरवलं," सासूबाई म्हणाल्या.

"परवाच तर म्हणालात, कपाटात आहे म्हणून."

"परवा होतं."

सुनेने वही मिटून पिशवीत घातली, परीक्षक बाईंचे आभार मानले आणि म्हणाली की काही हरकत नाही, उद्या सोमवार आहे, तळघर काही कुठे जात नाही. हे म्हणताना ती हसली, आणि ते हसू बघून सासऱ्यांनी मान फिरवली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मनात कसलातरी मोठा तंटा चालला होता, शालीची टोकं त्यांनी पिळून दोरी केली होती. मग त्या वळल्या आणि दुखऱ्या गुडघ्यासकट घराच्या दिशेने चालू लागल्या.

"चला सगळे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "पायऱ्यांवर पाय पुसून या."

दोन खोल्यांच्या घरात बावीस माणसं कशी मावली हे कोणी विचारू नये. काही जिन्यात होती, न्हावी मोरीच्या दारात होता. सासूबाईंनी कपाटातल्या साड्यांखालून एक लांबट पिवळं पाकीट काढलं. सुनेने हात पुढे केला, पण त्यांनी ते सरळ परीक्षक बाईंच्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

परीक्षक बाईंनी आधी शिक्के तपासले. पाकीट पोस्टात पडलं तीन तारखेला, इथल्या पोस्टात आलं पाच तारखेला. कोपऱ्यात पेन्सिलीने दिल्याची तारीख, सोळा, आणि तिच्याखाली पोस्टमनची सही. सासऱ्यांनी सही ओळखली आणि डोळे मिटून घेतले. मग परीक्षक बाईंनी आतला कागद उलगडला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. आपला अर्ज व आवाजाची चाचणी यांचा विचार करता, कागदात लिहिलं होतं, कळवण्यास खेद वाटतो की आपली निवड करता येत नाही. दूरध्वनीवर बोलण्यासाठी लागणारा मवाळपणा आपल्या आवाजात आढळला नाही.

जिन्यातल्या लोकांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा वाचलं.

सासरे पलंगावर बसले. कानटोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"म्हणजे नोकरी नव्हतीच?"

"नव्हती," सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. आवाज जसा कागदात लिहिला होता तसाच होता. "वडिलांनी सगळ्या वस्तीला आधीच सांगून ठेवलं होतं, निवड झाली म्हणून. मग मी लोकांना काय सांगणार होते? पाकिटावर तारखा दिसल्या उशिराच्या. पोस्टावर ढकललं. तुम्ही अडवलं होतं हे मला काय माहीत?"

"मग मी एकेचाळीस वर्षं..." सासरे म्हणाले आणि हिशेब करायला बसल्यासारखे थांबले. सकाळचा चहा ते करत. बाजारातून पिशव्या ते आणत. तिच्या भावाला त्यांनी चार महिने घरात ठेवून घेतला होता. पोस्टाला लाख बोल लागले, ते हूं की चूं करत नव्हते. "एकेचाळीस वर्षं मी गप्प बसलो."

"मी कुठे सांगितलं होतं गप्प बसायला? मला वाटायचं, स्वभाव आहे."

लाँड्रीवालीला मघाशी कोणाच्या बाजूने बोललो ते आठवून कसंनुसं झालं. परीक्षक बाई मात्र खुर्चीवर बसून भराभरा लिहीत होत्या. कागद आहे, त्या म्हणाल्या, साक्षीदार दोन आहेत, तारखा जुळतात, आणि दोघांनीही स्वतःच्या विरुद्ध साक्ष दिली आहे, त्यामुळे खोटं असण्याचा संभव नाही. बारा वर्षांत इतका पक्का थांबा त्यांच्याकडे आला नव्हता. त्यांनी कागद फाडून सुनेच्या हातात दिला. सुनेला परवाना मिळाला होता, निळ्या दाराच्या घरापुरता, एका थांब्याचा.

सुनेने तो तीनदा वाचला. मग ती खिडकीपाशी गेली आणि सासूबाईंच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. सासऱ्यांनाही तिने माफ केलं, पण संध्याकाळी, आणि वहीतली पानं फाडायला नकार देऊन.

तो हिवाळा संपायच्या आत तळघराचा राजीनामा गेला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं, एका घरासाठी कोण येणार? पण त्या बावीस जणांनी आपापल्या ओळखीत तोंड उघडलं होतं, आणि पहिल्याच रविवारी निळ्या दारासमोर चाळीस माणसं कुडकुडत उभी राहिली. फेरी एकोणीस मिनिटांत संपे. लोक पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणत. डॉक्टर रविवारी दोन्ही दारं उघडी ठेवून बसू लागले, कोणी विचारलंच तर सांगायला.

सासरे आणि सासूबाई दर रविवारी घोळक्याच्या मागे येऊन उभे राहतात. घरात आता सासरे गप्प बसत नाहीत. सकाळचा चहा एक दिवसाआड होतो आणि एकेचाळीस वर्षांची तुंबलेली भांडणं एकेक करून निघत आहेत. एका रविवारी पुढे उभ्या असलेल्या एका तरुण बाईने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसत विचारलं की मग पुढे काय झालं, ते दोघं सुखी झाले का?

सुनेने मागे पाहिलं. पत्र पिशवीत दहा दिवस होतं की अकरा, यावरून तिथे जुंपली होती. सासूबाई बोटं मोजून दाखवत होत्या आणि सासरे आपला मफलर सोडून त्यांच्या काना-तोंडाभोवती गुंडाळत होते, थंडीसाठी की आवाज बंद करण्यासाठी ते सांगता येत नव्हतं.

"त्याबद्दल कागद उपलब्ध नाही," सून म्हणाली. "साक्षीदार दोन आहेत, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही."